धाकटीचा हातगुण

सकाळी कामावर पोचल्यावर धाकटी आधी पेशींना जेवू घालायची आणि मग स्वतः चहा घ्यायची. हा क्रम तिने ठरवलेला नव्हता, वर्षानुवर्षांत पडून गेला होता. गोठ्यातलं जनावर उपाशी राहिलं तर निदान ओरडतं. चपट्या पारदर्शक बाटलीच्या तळाला चिकटून राहणाऱ्या पेशी ओरडत नाहीत, त्यांच्या अंगावरचं पाणी तेवढं रंग बदलतं. ताजं असताना ते गुलाबी असतं. पेशी त्यातलं खात गेल्या की नारिंगी होतं, आणि सगळं खाऊन संपून नुसती घाण उरली की पिवळं. पिवळं दिसलं की समजायचं, आपल्याला उशीर झाला. मग जुनं पाणी ओढून काढायचं, नवं घालायचं, बाटली पुन्हा इन्क्युबेटरच्या उबेत आडवी ठेवायची आणि दार लावायचं. या कामाला सुट्टी नसते. रविवारही पेशींना ठाऊक नसतो.

धाकटी हे तिचं घरातलं नाव, थोरल्या भावाने पाडलेलं. तिने पन्नाशी ओलांडली, चष्मा जाड झाला, तरी तो हाक मारायचा ती "धाकटे!" अशीच. एकदा ती डबा विसरली म्हणून तो द्यायला आला आणि जिन्याखालूनच त्याने अशी खणखणीत हाक दिली, की तेव्हापासून सगळा मजला तिला पाठीमागे धाकटीच म्हणू लागला. तोंडावर मात्र मॅडम.

हा मजला म्हणजे एका मोठ्या रुग्णालयाच्या मागच्या इमारतीचा तिसरा मजला. लिफ्ट होती, पण ती लहरी, म्हणून बहुतेक जण जिना चढत. जिना संपला की लांब कॉरिडॉर, त्याला ब्लीचचा वास, आणि टोकाला दोन दारांची आतली खोली. एक दार बंद झाल्याशिवाय दुसरं उघडायचं नाही असा नियम. आत गाऊन, दोन-दोन हातमोजे आणि पंख्यांची न थांबणारी घरघर. धाकटीच्या आयुष्याची वीस वर्षं त्या घरघरीत गेली होती आणि थकवा तर तिच्या पाचवीलाच पुजलेला. कुणी "काय, कशी आहेस?" विचारलं तर ती "आहे" एवढंच म्हणायची.

तिथे काविळीच्या एका विषाणूवर काम चाले, हिपॅटायटिस सी. मोठा नखरेल विषाणू. माणसाच्या यकृतात वीस-वीस वर्षं ताकास तूर लागू न देता मुक्काम ठोकेल, पण त्याला बाटलीत वाढवायला जा, लगेच नाक मुरडेल. जगभरच्या लोकांनी त्याच्यापायी आपली उमेदीची वर्षं घातली. शेवटी कुण्या रुग्णाच्या यकृताच्या गाठीतून फार पूर्वी काढलेल्या, न मरता वाढत राहिलेल्या पेशी आणि या विषाणूचा एक ठरावीक वाण, अशी जोडी कशीबशी जमली. सगळीकडे तीच जोडी वापरतात. मात्र खऱ्याखुऱ्या रोग्याच्या रक्तातला विषाणू त्या पेशींवर घातला, तर बहुधा काहीच होत नाही. पेशी त्याला दारात उभं करत नाहीत.

आणि धाकटीला नेमका खऱ्या रोग्याचाच विषाणू वाढवायचा होता, कारण तो रोगी तिचा दादा होता.

दादा फ्रीज दुरुस्त करायचा. तरुणपणी त्याचं एक ऑपरेशन झालं, रक्त चढवलं, आणि त्या रक्तातून हा पाहुणा आला तो बरीच वर्षं कुणाला कळलाच नाही. कळला तोवर यकृत कडक व्हायला लागलं होतं. आता या रोगावर चांगल्या गोळ्या आहेत. शंभरातले जवळजवळ सगळे बरे होतात. दादा उरलेल्यांतला निघाला. एकदा कोर्स झाला, दुसरा झाला, विषाणू पुन्हा हजर. "माझा पंप बदला, नाहीतर गॅस बदला, पण काहीतरी बदला," असं तो डॉक्टरांना म्हणाला. डॉक्टर हसले आणि नंतर धाकटीला बाजूला घेऊन म्हणाले, की तिसरा कोर्सही वाया गेला तर पुढे फार काही हातात नाही. कुठल्या गोळ्यांची जोडी लागू पडेल हा अंदाजाचा खेळ. दादाचाच विषाणू बाटलीत वाढला असता, तर त्याच्यावर सगळ्या जोड्या घालून बघता आल्या असत्या.

तिने सरांना विचारलं. सर म्हणजे मजल्याचे प्रमुख, सज्जन माणूस, सतत कशाची तरी मुदत डोक्यावर घेऊन वावरणारे. त्यांनी रीतसर परवानग्या काढल्या आणि म्हणाले, "कर. पण आशा धरू नकोस. तुलाही माहितेय, मलाही माहितेय."

तिने आशा धरली नाही, फक्त काम धरलं. दादाचं रक्त आलं, त्यातला रक्तपेशी वगळलेला पाण्यासारखा भाग, म्हणजे सीरम, वेगळा केला, तो बाटल्यांवर घातला. मग रंग लावून, दिव्याखाली, सूक्ष्मदर्शकातून पाहायचं. विषाणू शिरला असेल त्या पेशी हिरव्या चमकतात. पहिल्या खेपेला सगळं काळं. दुसऱ्या खेपेला काळं. पुढे ती खेपा मोजायचीच विसरली. संध्याकाळी घरी जायची, कपडे न बदलता पाठ टेकायची, सकाळी पुन्हा जिना.

एका सकाळी तिने डोळा लावला तर सगळा गोल हिरवा.

तिने चष्मा पुसला. दुसरी बाटली पाहिली, तीही हिरवी. विषाणू न घातलेली बाटली मात्र काळीच होती, म्हणजे रंगाची चूक नव्हती. सरांना बोलावलं. ते बराच वेळ वाकून पाहत राहिले आणि सरळ होताना म्हणाले, "पुन्हा करून दाखव."

तिने पुन्हा करून दाखवलं. मग सरांनी मजल्यावरच्या आणखी दोघांना तेच करायला लावलं. त्याच साठ्यातल्या पेशी, तेच गुलाबी पाणी, तोच विषाणू. त्यांच्या बाटल्या काळ्या. धाकटीच्या हिरव्या.

"हातगुण आहे बुवा," सर म्हणाले. बाटलीत पेशी वाढवणाऱ्या लोकांत हा शब्द थट्टेने घेतात, पण खोटा मानत नाहीत. एकाच्या हातून पेशी सुकतात, दुसऱ्याच्या हातून टरारून वाढतात, आणि का ते कुणाला सांगता येत नाही. दोघे काळ्या बाटलीवाले जरा हिरमुसले. त्यांतला एक म्हणाला, "मॅडम, आमच्याही बाटल्यांवरून एकदा हात फिरवा." ती हसली. बऱ्याच दिवसांनी हसली होती, गाल दुखले.

पण निवांत बसून पाहिल्यावर तिला आणखी काही दिसलं. गाठीतून आलेल्या पेशी बाटलीत कशाही वाढतात, एकीवर एक चढून, गर्दी करून. तिच्या बाटलीतल्या पेशी शहाण्यासारख्या पसरल्या होत्या. प्रत्येकीला कोपरे होते, दोघींच्या मध्ये एक बारीक उजळ रेघ होती आणि कितीतरी पेशींच्या पोटात दोन-दोन केंद्रकं. नीट बसवलेली फरशी दिसावी तशा दिसत होत्या. अशा पेशी तिने फक्त ऑपरेशन थिएटरमधून आलेल्या ताज्या यकृताच्या तुकड्यात पाहिल्या होत्या. त्या बाटलीत घातल्या तर थोड्याच दिवसांत मान टाकतात. या मान टाकत नव्हत्या. एका बाटलीच्या तीन कराव्या, तिन्ही भरून येत.

मात्र एकीच्या तीन केल्या, की त्या दिवशी तिला जिना उतरवत नसे. उजव्या बाजूला, फासळ्यांखाली, ओढल्यासारखं होई. दुखणं म्हणावं असं नव्हतं, कुणीतरी आतून चिमटीत धरून हळू ओढतंय असं काहीतरी. ती जिन्याच्या वळणावर पायरीवर बसायची. येणारेजाणारे म्हणायचे, "मॅडम, सुट्टी घ्या." ती म्हणायची, "घेते."

जगभर या धंद्यात एक जुनी भानगड आहे. एका बाटलीतल्या पेशी दुसरीत शिरतात आणि लोक वर्षानुवर्षं भलत्याच पेशींवर काम करत बसतात. म्हणून काही नवं निघालं की आधी पेशींची ओळख पटवायची. पहिल्या मजल्यावर धाकटीची एक मैत्रीण होती, कॉलेजपासूनची. तिचं कामच ते. तिला सगळे ओळखपरेडवाली म्हणायचे. बाटलीत चुकून काम करणाऱ्याच्याच अंगचं काही पडलं नाही ना, हेही तिला बघावं लागे, म्हणून सगळ्यांच्या गालाच्या आतला नमुना तिने घेऊन ठेवलेला असे. तिचा निकाल एरवी फोनवर येई. या वेळी ती दोन मजले चढून आली आणि दाराशी धापा टाकत उभी राहिली.

"तू काम करताना शिंकलीस का गं?"

"मास्क असतो."

"हात कापला होता?"

"नाही. का?"

"त्या बाटलीत तू आहेस."

धाकटीला आधी वाटलं, ही थट्टा करतेय.

"म्हणजे थोड्या माझ्या मिसळल्यात?"

"थोड्या नाही. गाठीच्या पेशी त्यात नाहीतच, औषधालासुद्धा नाहीत. सगळी तूच."

"गालाच्या पेशी बाटलीत वाढत नाहीत."

"ते मला शिकवू नकोस. आणि त्या गालाच्या नाहीत. मी बघितल्यात. लिव्हरच्या आहेत."

आतल्या खोलीतले पंखे घरघरत होते. मग ओळखपरेडवाली खालच्या आवाजात म्हणाली, "मी परत करते. माझंच काहीतरी चुकलं असणार." तिने पुन्हा केलं. तिचं काही चुकलं नव्हतं.

"सरांना काय सांगू?" तिने विचारलं.

"तपासणी चालू आहे म्हण," धाकटी म्हणाली.

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत ती पुढच्या इमारतीत सोनोग्राफीला गेली. तिथला डॉक्टर तरुण होता, बोलका. पोटावर थंडगार जेल लावून त्याने यंत्र फिरवलं आणि पडद्याकडे बघत म्हणाला, "छान भरून येतंय हं. कुणाला दिलंत?"

"काय?"

"लिव्हर. डोनर आहात ना तुम्ही? उजवा भाग बराच काढलेला दिसतोय. कडा अगदी साफ. कुणी केलं ऑपरेशन?"

तिने नकारार्थी मान हलवली. त्याने पडद्यावरून नजर काढली आणि तिच्या पोटाकडे पाहिलं. टाक्यांची खूण शोधली. जेल पुसून पुन्हा शोधली. नंतर त्याचा बोलकेपणा गेला. त्याने तिला पुसायला कागद दिला आणि पुढच्या माणसाला आत बोलावलं.

बाहेर बाकावर बसून तिला आठवलं ते हे, की दादाचं यकृत कडक झाल्याचं कळलं त्याच आठवड्यात ती डॉक्टरांकडे गेली होती आणि म्हणाली होती, माझा तुकडा घ्या. रक्तगट जुळला नाही. तिला परत पाठवलं होतं. त्या दिवशी तिला जेवढं वाईट वाटलं होतं तेवढं पुढे कधी वाटलं नाही, आणि ते तिने कुणाला सांगितलंही नव्हतं.

ती शास्त्र शिकलेली बाई. भूतखेत असल्या गोष्टींपासून चार हात लांब. हे काय आहे हे तिला समजत नव्हतं, आणि समजत नाही हे तिने मान्य केलं. समजत होतं ते एवढंच, की यकृत हा एकच अवयव कापला तरी पुन्हा भरून येतो. बाटल्या घेतायत, शरीर भरतंय. त्या वेळी रक्तगट जुळला असता तर आपण टेबलावर आडवं व्हायला मागेपुढे पाहिलं असतं का? नसतं पाहिलं. मग हे त्याहून काय वेगळं? तिने स्वतःचं रक्तही तपासून घेतलं. विषाणूचा मागमूस नव्हता. झेपेल, ती मनाशी म्हणाली, आणि उठून कामाला गेली.

ओळखपरेडवालीला तिने गळ घातली, "दादाचं होईपर्यंत तोंड उघडू नकोस." ती घाबरली होती, पण मैत्रीण होती. मूग गिळून बसली.

पुढचं काम धाकटीने झपाटल्यासारखं केलं. छोट्या छोट्या खणांच्या ताटल्या, प्रत्येक खणात तिच्या पेशी, त्यांत दादाचा विषाणू, आणि प्रत्येक रांगेत गोळ्यांची वेगळी जोडी. ताटल्या भरायला पेशी लागत, पेशींसाठी बाटल्या वाढवाव्या लागत. ती वाळत चालली. साडीची पिन आत आत सरकत गेली. वहिनी म्हणाल्या, "आजारी हे आहेत की तू?" ती म्हणाली, "मीच बारीक होतेय, आजारी दादाच आहे," आणि दोघी उगाच हसल्या.

हिरव्या रांगांच्या मधोमध एक रांग काळी निघाली. विझलेली, स्वच्छ. तिने ती जोडी पुन्हा लावली, पुन्हा काळी. दादाच्या डॉक्टरांना तिने आणि सरांनी मिळून ते दाखवलं. डॉक्टरांनी भुवया उंचावल्या, आणखी दोन ठिकाणी सल्ला घेतला आणि तीच जोडी सुरू केली.

दादा बरा झाला. कोर्स संपल्यावर पहिल्या तपासणीत विषाणू नव्हता, नंतरच्याही तपासणीत नव्हता. त्याने हत्यारांची पेटी घासून काढली आणि कुणाच्या तरी फ्रीजच्या मागे डोकं घालून बसला. धाकटी जिन्याच्या वळणावर बसून रडली. त्या दिवशी ती थकव्याने बसली नव्हती. सुटले, असं तिला वाटलं, आणि त्या आनंदात तिने सरांना सांगून टाकलं की आता या बाटल्या मी बंद करणार. सर कळवळले. "अगं, असल्या सेल्स कुणाकडे नाहीत!" तिने ऐकलं नाही. बंद करण्याआधी शेवटची ओळख पटवून ठेवायची, एवढा रिवाज राहिला होता. तिने एका बाटलीचा नमुना खाली पाठवला.

त्या रविवारी ती सकाळी बाटल्यांचं पाणी बदलून तशीच दादाकडे जेवायला गेली. दादा भरला होता. गालांवर रंग, हातांत जोर. ताटावर बसला, हसला, बोलला, फ्रीजवाल्या गिऱ्हाइकांच्या नकला केल्या. ताटातलं मात्र इकडचं तिकडे केलं आणि उठला.

वहिनींनी तिला स्वयंपाकघरात ओढलं. "बघितलंस? घास गिळत नाहीत. महिना होत आला. म्हणतात पोट भरलंय."

"वजन?"

"तेच तर! वाढतंय. काय वारा खाऊन वाढतं का वजन? आणि सकाळी ढेकर देतात गं, पोटभर जेवल्यासारखा. उठून चहासुद्धा घेतलेला नसतो."

"सकाळी कधी?"

वहिनी हसल्या. "आता घड्याळ लावून बसू का मी? तू कामावर पोचत असशील तेव्हा. आजही दिला."

धाकटीने हातातलं भांडं ओट्यावर ठेवलं.

सोमवारी ती आतल्या खोलीत गेली तेव्हा तिने पेशी मारून टाकायला ब्लीच मोजून घेतलं होतं. बाटल्या समोर मांडल्या होत्या. पहिल्या बाटलीचं झाकण काढलं आणि काचेवर टकटक झाली. बाहेरच्या दाराच्या काचेपलीकडे ओळखपरेडवाली उभी होती. धाकटी हातमोजे, गाऊन उतरवून बाहेर आली.

"आता त्यात दोघं आहेत," ओळखपरेडवाली म्हणाली.

"कोण दोघं?"

"तू. आणि एक पुरुष. तुझा सख्खा." तिचा चेहरा उतरला होता. "तू दादाचं नुसतं सीरम घातलं होतंस ना? त्यात पेशी नसतात."

"नसतात."

"मग तो कुठून आला?"

धाकटीने पुन्हा गाऊन, हातमोजे चढवले. ती आत गेली आणि बाटली सूक्ष्मदर्शकाखाली ठेवली. फरशी तशीच होती, कोपऱ्याला कोपरा, मध्ये उजळ रेघा. कुठली आपली आणि कुठली त्याची, हे तिला ओळखता येईना. एकीला धक्का लावला तर दुसरीला लागेल इतक्या त्या जवळ होत्या.

तिने ब्लीच मोरीत ओतलं. बाटल्यांना ताजं पाणी घातलं आणि दार लावलं.

त्यानंतर तिने बाटल्या वाढवल्या नाहीत. सगळ्यांतल्या पेशी एकीत गोळा करून ती एकच ठेवली. तिच्या फासळ्यांखालची ओढ थांबली. पुन्हा सोनोग्राफी केली, यकृत पूर्ण भरलं होतं. दादाही धडधाकट. तसं पाहिलं तर तक्रार करण्यासारखं काही उरलं नव्हतं. रोज सकाळी एका बाटलीचं पाणी बदलायचं, इतकंच. सणावारी, पावसापाण्यात, अंगात ताप असला तरी. एकदा तिने ते काम मजल्यावरच्या दुसऱ्याला सांगून पाहिलं. त्याने मन लावून केलं. संध्याकाळी वहिनींचा फोन आला, की आज हे दिवसभर उलट्या करतायत, तोंड कडू झालंय म्हणतात. पुन्हा तिने कुणाला सांगितलं नाही.

वर्ष सरलं. ती निवृत्त होणार कधी, हे सर विचारायचे, आणि ती विषय बदलायची. तिच्यानंतर बाटलीचं काय, हा प्रश्न ती संध्याकाळी उशीवर डोकं ठेवताना रोज काढायची आणि रोज त्याच्यावर झोपी जायची. थकवा आता हाडांत उतरला होता. कधी वाटायचं, दादाला सगळं सांगून मोकळं व्हावं. पण तो त्याच्या पत्र्याच्या पेटीवर ठोकाठोकी करत शीळ घालत असायचा. त्याला काय सांगणार, की तुझा घास माझ्या हातात आहे?

आणि एका रविवारी ती झोपून राहिली.

आदल्या दिवशी काही विशेष घडलं नव्हतं. गजर लावला होता. तो वाजला असेल. तिला ऐकू आला नाही. डोळे उघडले तेव्हा खिडकीतलं ऊन भिंतीवर चढलं होतं आणि बाहेर लोक कामावर निघाले होते. सोमवार होता. अख्खा रविवार तिच्या अंगावरून गेला होता.

इतकी चांगली झोप तिला कित्येक वर्षांत लागली नव्हती. हा विचार आधी आला, आणि मग बाटली आठवली.

फोन उशाशी वाजत होता. वहिनी.

"अगं, ये लवकर. हे बघ कसं करतायत. कालपासून उठलेले नाहीत. डोळे बघ त्यांचे."

प्रयोगशाळा शहराच्या पलीकडच्या टोकाला, दादाचं घर वाटेवर. तिने एक क्षण विचार केला. आधी बाटलीकडे जायला हवं होतं, तिला माहीत होतं. पण पाय दादाच्या घराकडे वळले.

वहिनींनी दार उघडलं. खोलीत पडदे ओढलेले होते. दादा पलंगावर भिंतीला टेकून बसला होता, हात मांडीवर. एका दिवसात गाल आत गेले होते.

तिने पडदा सरकवला.

त्याच्या डोळ्यांतलं पांढरं पिवळं झालं होतं. गर्द, तळापर्यंत पिवळं.

"दादा."

त्याने तिच्याकडे पाहिलं. रागावलेला नव्हता. लहानपणी ती शाळेतून उशिरा आली की बघायचा तसा बघत होता.

"काल आली नाहीस," तो म्हणाला.

"मी रोज थोडीच येते इकडे, दादा."

"इकडे नाही."

वहिनी दारात उभ्या होत्या. पदराने हात पुसत होत्या, पुसून झाले तरी पुसत होत्या.

"पाणी पिवळं पडलं, दार कुणी उघडलंच नाही," दादा म्हणाला. "आम्ही दोघं वाट बघत होतो."

"अहो, मी कुठे वाट बघत होते?" वहिनी रडवेल्या झाल्या. "काय बोलताय? मला तर ती येणार हेसुद्धा ठाऊक नव्हतं."

दादाने हळू मान हलवली.

"तू नाही," तो वहिनींना म्हणाला, आणि हात उचलून धाकटीकडे बोट केलं. "ही."